शिमग्यापर्यंत तोंड बरं झालं पाहिजे

१८ नोव्हेंबर १९२८, रविवार

वही घेतली. बोललं की कळ येते, म्हणून आजपासून बोलायचं ते इथे. कोणी वाचेल अशी भीती नाही. आमच्या कोळीवाड्यात अक्षर वाचणारी बाई मी एकटी. पुरुष वाचतात ते होडीवरच्या नावापुरतं, तेही होडी ओळखीची असेल तर.

दुखणं असं. डावा खालचा जबडा, कानापासून हनुवटीपर्यंत. शिंगाळ्याचा काटा पायात गेला की जशी कळ जाते तशी, पण गालात. येते, जाते, दबा धरून बसते. चावलं की येते. बोललं की येते. वारा लागला की येते. न खाता, न बोलता, दार लावून बसलं तर येत नाही. तसं बसायला मी देव्हाऱ्यातला टाक नाही.

दार लावावं लागतं याचा राग जास्त. आमचं दार समुद्राकडे. तुळशीराम गेल्यापासून चार वर्षं मी ते संध्याकाळी उघडं ठेवते. तो येणार नाही हे मला कळतं, मी वेडी नाही. उघडं ठेवते, एवढंच.

निश्चय: शिमग्याच्या आत तोंड बरं करायचं. कारण उद्या लिहीन. आत्ता कळ आली.

१९ नोव्हेंबर

कारण. लिहून ठेवलं म्हणजे राग मऊ पडत नाही.

चार वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या खेपेला वादळ झालं. होडीवर माझा तुळशीराम आणि त्याचा थोरला भाऊ हिरामण. होडी परत आली. हिरामण परत आला. तुळशीरामला लाटेनं नेलं होतं. मी वाळूत बसले होते. माझ्या देखत, त्याच संध्याकाळी, हिरामणची बायको वेणूबाई, माझी सख्खी जाऊ, कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि नवसाचा नारळ सोडून आली. वर हळद-कुंकू लावलेला. तिचं माणूस आलं ना.

तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. दोन घरांना भिंत एकच. ती खोकली तरी ऐकू येते. मुद्दाम खोकते.

या शिमग्याला बोलणार. होळीपुढे कोणी कोणाला काही म्हणावं, ते मनात धरायचं नाही, अशी आमच्यात रीत. बायकांचा फेर सुरू झाला की एकेक जण मध्ये येऊन नाव घेऊन सुनावते. बाकीच्या सुनावतात आणि हसतात. मी हसणार नाही. सगळ्यांपुढे नारळाचं काढणार.

आधीच्या वर्षांत का नाही, असं कोणी विचारेल. पहिल्या वर्षी घसा बसला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पाहुणे आले. गेल्या वर्षी तिला ताप होता, आजारी माणसावर मी हात टाकत नाही. या वर्षी काही अडचण नाही. तोंड सोडून.

२१ नोव्हेंबर

शिव्यांची तयारी. शेजारची कोकिळा देते तशा नकोत, त्या सगळ्यांना पाठ आहेत. मी वाचणारी बाई. आजच्या:

केंड मासा. फुगते, खाता येत नाही, फेकावी तर काटा बोटात.
मांजरानं हुंगून सोडलेलं मुंडकं.
ओहोटीचा चिखल.

तिसरी कच्ची आहे. सुधारावी.

२६ नोव्हेंबर, सोमवार

अलिबागला जाऊन आले. बाजारात दयाराम दात काढतो. त्यानं तोंडात बघून लगेच सांगितलं की दाढ किडली. मला आरशात दाढ पांढरी दिसत होती. तो म्हणाला, कीड आत असते. पटलं. काही माणसांचंही तसंच असतं.

दाढ काढली. चक्कर आली, पण ओरडले नाही. दुखणं संपलं. शिमग्याला अजून चार महिने. उगाच घाई केली असं वाटतंय.

२९ नोव्हेंबर

दुखतंय. जखम भरतेय म्हणून.

३ डिसेंबर

पुन्हा दयाराम. त्याचं म्हणणं, कीड पळून शेजारच्या दाढेत गेली. तीही काढली. तिसरीवर त्याचा डोळा होता. मी उठले.

११ डिसेंबर

दुखणं जागच्या जागी. दाढा नाहीत.

सुकी मासळी बांधायला अलिबागहून रद्दी येते, त्यावरच मी वाचायला शिकले. म्हणून मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत, पण अर्ध्या. आज एक तुकडा हाती लागला. ‘गालात व जबड्यात विजेसारखी कळ जाणे, वाऱ्याने वाढणे, बोलताना असह्य होणे, यावर एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे’. पुढे फाटलेलं. सगळी टोपली उपसली. खालचा तुकडा मिळाला नाही. त्यात बोंबील बांधून कोणाकडे तरी गेला.

जेवण म्हणजे सार आणि पेज. कोकिळा रोज दुपारी आणून देते, कानाशी चेपलेल्या टोपात. कोकिळेला स्वयंपाक येत नाही हे सगळ्या वाड्याला ठाऊक. पण हे सार चांगलं असतं, पेज एकही शीत न राहिलेली. मी तिला मागे एकदा सोलं कमी घाल म्हटलं होतं. त्याचा गुण.

२० डिसेंबर

बाळाजी वैद्य पालखीसारखं ऐटीत चालतात, पण माणूस हुशार. नाडी धरून म्हणाले, वात. नाकात घालायला तेल दिलं, गालावर शेक सांगितला. तुळशीरामच्या जुन्या टोपीत मीठ गरम करून शेकते. दुसरं फडकं आहे घरात. टोपी हाताशी होती.

२ जानेवारी १९२९, बुधवार

तेलानं थोडं बरं. म्हणजे वाईट नाही. वैद्यांना विचारलं, शिमग्यापर्यंत मोठ्यानं बोलता येईल का. त्यांनी विचारलं, कशासाठी. मी खरं सांगितलं, औषध देणाऱ्याशी खोटं बोलू नये. ते म्हणाले, मग तेल वाया घालवू नका. राग हाच तुमचा वात. चैत्रापर्यंत राग सोडा, गाल आपोआप सुटेल.

वैद्य सोडला.

१४ जानेवारी, संक्रांत

मोठा प्रसंग. वेणूबाई तिळगूळ घेऊन दारात आली. चार वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, छोटं, धारदार. ‘गोड बोलायला तुझं माणूस आहे घरात.’ तोंड उघडलं. ‘गोड’ला कळ आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तिला वाटलं मला भरून आलं. तीही रडायला लागली. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना रडत उभ्या. समोरच्या ओटीवर कोकिळा बघत होती, तिनंही पदर लावला डोळ्यांना. संध्याकाळी वाड्यात बातमी, जावा-जावांचं मिटलं.

मिटलेलं नाही. तिळगूळ कावळ्याला घातला. त्यानं खाल्ला. कावळ्याला काय.

२२ जानेवारी

भागोजी भगताकडे गेले. आधी जाणार नव्हते, मी वाचणारी बाई आहे. पण संक्रांतीच्या प्रकारानंतर शंका आली, हे दुखणं नेमकं तिला बोलायच्या वेळीच का येतं.

भगतानं तांदूळ टाकले. म्हणाला, बाधा आहे, बाईची आहे, लांबची नाही. मी विचारलं, भिंतीला भिंत? तो म्हणाला, व्हय. मी विचारलं, थोरली? तो म्हणाला, व्हय. मी काहीही न सांगता त्यानं सगळं ओळखलं.

उतारा विचारला. तर म्हणतो, जिनं बांधलं तिच्या हातचं खाल्लंस की सुटेल. भगत सोडला. तिच्या हातचं खाण्यापेक्षा कळ बरी.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

कळ बरी नाही. काल पाणी पिताना आली आणि फुलपात्र हातातून पडलं. अलिबागला सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण. गालाला एका बोटानं हात लावला. मी त्याचं बोट धरलं, मोडलं नाही. त्यानं सांगितलं, ही दाताची कळ नव्हे. तोंडाला जाणवून देणारी एक नस असते, तीच बिघडली आहे. मग मी दोन दाढांचं विचारलं. त्या निर्दोष होत्या म्हणाला.

निर्दोष गेल्या. आमच्या घरात तसंच होतं.

उपाय चार आहेत, असं त्यानं समजावून सांगितलं. चांगला सांगत होता, अर्धं फाटलेलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

चार उपायांचा विचार. शांतपणे करते.

पहिला, वाट बघणं. कधी कधी हे आपोआप काही महिने थांबतं म्हणे. वाट बघायचा उपाय मी चार वर्षं करून पाहिला आहे. गुण नाही.

दुसरा, पुड्या. कळ बोथट होते, पण गुंगी येते. झोपून शिव्या देता येत नाहीत.

तिसरा, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गालातून लांब सुई घालतात आणि नसेवर दारू सोडतात. खरी दारू, कडक. नस बधिर होते. वर्ष-दीड वर्ष आराम, मग दुखणं परत येऊ शकतं. तोवर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ यांना काही कळत नाही. तुळशीराम दारू घशात घालायचा. गालात घातली असती तर जास्त टिकली असती.

चौथा, ऑपरेशन. कानावरचं हाड उघडून नस कापतात. कायमचं. पण अर्धा चेहरा कायमचा गेला, कधी त्या बाजूचा डोळाही जातो, आणि काही माणसं टेबलावरून उठत नाहीत.

मन ऑपरेशनकडे होतं. कायमचं म्हणजे दर शिमग्याला. पण डोकं बांधून महिनाभर खाटेवर, म्हणजे या वर्षीची होळी गेली. आणि टेबलावरून उठलेच नाही तर वेणूबाई माझाही नारळ सोडेल.

सुई ठरली. वर्षभर पुरते. मला एक रात्र पुरे.

१२ फेब्रुवारी

मुंबईत दंगा चालू आहे म्हणून मचवे जात नाहीत. मुसलमान, पठाण, हिंदू सगळे एकमेकांवर तुटून पडलेत. त्यांची तोंडं बरी असणार.

डॉक्टरनं सांगितलंय, बरोबर बोलणारं कोणी न्या, तिथे प्रश्न फार विचारतात. कोकिळेला विचारलं. ती समुद्राला भिते. कोळीण आहे आणि समुद्राला भिते. एकटी जाईन. लिहून दाखवीन.

२६ फेब्रुवारी, मंगळवार, मुंबई

दंगा शमला. मासळीचा मचवा आज निघाला. मचवा हिरामण भावजींचा, त्याला इलाज नाही. दुसरे दोन मचवेवाले शिमग्यासाठी होड्या रंगवत बसलेत.

डोक्यावरून गालावर शाल गुंडाळून बसले. थोड्या वेळानं बघते तर मागे टोपल्यांशेजारी वेणूबाई. नवं लुगडं. भावजी म्हणाले, ती सुकट विकायला चालली आहे आणि मुंबई तिला माहीत आहे. टोपलीत सुकट फारशी नव्हती.

समुद्रावर तोंड उघडलं नाही. तुळशीराम गेला तो पट्टा आला तेव्हा ती उठून माझ्या वाऱ्याच्या बाजूला येऊन बसली. मला दिसू नये म्हणून असेल. वारा मात्र लागला नाही.

२७ फेब्रुवारी

इस्पितळात मी पाटी काढून लिहायला घेतलं. डॉक्टरला मराठी बोलता यायचं, माझं अक्षर लागेना. मग माझ्यामागून आलेली वेणूबाई बोलली.

सगळं सांगितलं. कळ कुठून निघते, कुठवर जाते. कधी सुरू झाली. कोणत्या कुशीवर मला झोप येते. पहाटे उठून मी कशी भिंतीला डोकं टेकून बसते. दोन महिन्यांत लुगडं कसं सैल झालं. डॉक्टर लिहून घेत होता. म्हणाला, फार चांगलं सांगितलंत, कोण तुम्ही यांच्या? ती म्हणाली, बहीण.

बहीण! माझ्याच्यानं ‘नाही’ म्हणवलं नाही, जबडा आवळलेला. आणि एवढं सगळं हिला कसं माहीत? भिंतीला कान लावून. चार वर्षं माझ्यावर पाळत. आणखी एक कलम वाढलं.

डॉक्टरनं पुन्हा विचारलं, सुई की ऑपरेशन. मी सुईकडे बोट केलं. त्यानं बजावलं, डाव्या बाजूला खायचं नाही, जेवल्यावर आरशात तोंड बघायचं, कारण जीभ चावली तरी कळणार नाही. वेणूबाईनं ते दोनदा विचारून घेतलं. तिला काय करायचंय?

सुई लांब. तिनं माझा हात धरला. मी तो सूड म्हणून जितका जोरानं दाबता येईल तितका दाबला. तिच्या हातावर माझी नखं उमटली. समाधान वाटलं.

मग जबड्यातून एक आग गेली आणि त्यामागून काहीच नाही. इतकं काहीच नाही की मी गालाला हात लावून बघितला, आहे का.

२ मार्च, शनिवार

घरी. कळ नाही. बोलले, कळ नाही. ओरडले, कळ नाही. कोंबड्या पळाल्या.

शब्द थोडा जड येतो, डावा ओठ लोंबतो. सरावानं जाईल.

संध्याकाळी दार उघडलं. चार महिन्यांनी. समुद्र होता तिथेच. वारा आला असणार, कंदील हलला. डाव्या गालाला काही कळलं नाही. उजवा गाल वळवून बसले.

१६ मार्च

पोरांनी छोट्या होळ्या पेटवायला सुरुवात केली. सराव जोरात. भाकरीच्या मातीच्या खापरीकडे तोंड करून सगळं म्हणते. वहीतल्या एकूण शिव्या आता पाहिजेत तेवढ्या झाल्या. ‘ओहोटीचा चिखल’ अजून कच्ची. शेवटी नारळ. नारळाशी आले की आवाज कापतो. रागानं.

कोकिळेचं सार चालूच. आता मी सगळं खाऊ शकते असं तिला सांगितलं. ती गडबडली. म्हणाली, विचारून सांगते. कोणाला विचारून?

२४ मार्च, रविवार, होळी

सकाळपासून शांत आहे. तुळशीरामची टोपी धुऊन वाळत घातली. दुपारी कुरकुरीत बोंबील तळले आणि दोन्ही बाजूंनी खाल्ले. चार महिन्यांचं खाणं. डॉक्टर लोक भीतीच फार घालतात. आरसा पाहिला नाही, आरशाचं माझं काय काम उरलंय.

तोंडात खारट लागतंय. बोंबील चांगले खारवले होते.

निघते. आज तिचा शेवटचा मोठेपणा.

२५ मार्च, सोमवार

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. कोणी काही सांगो.

होळी पेटली. बायकांचा फेर धरला. कोकिळेनं आपल्या नवऱ्याला सुनावलं, लोक हसले. मग मी मध्ये गेले. माझ्यासारखी बाई मध्ये येत नाही. वेणूबाई समोरच उभी. मी हात वर करून तिच्याकडे बोट रोखलं आणि तोंड उघडलं.

शब्द आला नाही. जीभ तोंडात मावत नव्हती. दुपारी कधीतरी चावली गेली होती, चांगली खोल, आणि मला पत्ता नाही. नुसता घोगरा आवाज निघाला. मी जोर केला. डाव्या बाजूनं हनुवटीवरून रक्त आलं, लुगड्यावर पडलं, तेही मला कळलं नाही. समोरच्यांचे डोळे बघून कळलं.

भागोजी भगत ओरडला, “आई आली! नीराबाईच्या अंगात आई आली!”

ढोलाचा ताल बदलला. मी मानेनं नाही नाही म्हटलं. त्यांना ते घुमणं वाटलं. मला पाटावर बसवलं, पायांवर पाणी घातलं. कोणीतरी कपाळाला कुंकू लावलं. चार वर्षांनी. ते मी पुसणार होते, हात धरून ठेवले होते.

मग माणसं रांगेनं पायाशी. भावजींनी मासळीचं विचारलं. कोकिळेनं नवऱ्याच्या दारूचं विचारलं. मी घोगरत होते, भगत त्याचा अर्थ सांगत होता. त्याचे सगळे अर्थ कोंबड्यावर संपत होते.

शेवटी ती आली. पायांवर डोकं ठेवलं, उठली नाही. ढोल थांबला होता. हळू बोलली, पण ऐकलं सगळ्यांनी.

“आई, वादळात मी तुला होडी परत दे म्हणाले. एका होडीचा एक नारळ, म्हणून होडीचंच नाव घेतलं. माणसं म्हणायचं राहिलं माझं. तू होडी दिलीस. नवस बाकी ठेवला असता तर पुढच्या खेपेला सगळीच नेली असतीस, म्हणून त्याच सांजेला सोडला. तवापासून नीरेच्या तोंडाकडं बघवलं न्हाय मला. एवढंच सांग. मी माणसं म्हणाले असते, तर माझा दीर दिला असतास का?”

आता इथे माझी संधी होती. शत्रू पायाशी, सगळा वाडा ऐकतोय. मी हात पुढे केला तो तिचा अंबाडा धरून ओढायला. हे स्पष्ट लिहून ठेवते. अंबाडा घट्ट होता. हात डोक्यावरच राहिला. बराच राहिला.

लोक म्हणाले, आईनं हात ठेवला. कौल मिळाला.

काही कौल नाही. अंबाडा घट्ट होता.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी दार वाजलं. वेणूबाई, हातात टोप. कानाशी चेपलेला.

टोप ओळखला. मी टोपाकडे बघते, ती माझ्याकडे. म्हणाली, कोकिळेच्या हाती पाठवत होते, माझं नाव सांगितलं असतं तर तू ओतून दिलं असतंस. म्हणजे डिसेंबरापासून मी हिच्याच हातचं खात होते. म्हणजे भगताचा उतारा महिनोन्महिने चालू होता आणि फुकट गेला. की सुईचा गुण सुईचा नव्हेच? विचार करून डोकं दुखलं. डोकं. गाल नव्हे.

सार गार होत होतं म्हणून प्याले.

मग ती म्हणाली, जीभ दाखव. दाखवली. तिनं उजेडाकडे वळवून नीट बघितली आणि म्हणाली, “आरसा बघ म्हणून सांगितलं व्हतं ना डाक्तरनं? मी दोनदा विचारून घेतलं व्हतं.”

मी जड जिभेनं विचारलं, मग अंगात आई नव्हती हे तुला ठाऊक होतं?

“रगत बघितलं तवाच.”

मग विचारलंस कशाला?

ती टोप पुसत राहिली. “तुला बोलता येत न्हवतं, म्हणून. एरवी तू ऐकून घेतलं असतंस का?”

याला उत्तर होतं माझ्याकडे. जीभ सुजलेली.

तिनं ओच्यातून नारळ काढला. हळद-कुंकू लावलेला. म्हणाली, दिराचा. तेव्हाच दोन सोडायला हवे होते. एकटीनं सोडायचा धीर झाला न्हाय. चल.

गेले. तिच्या डोक्यात घालता येईल असा नारळ हातात यावा म्हणून गेले. पाण्यात कमरेएवढ्या उतरलो, दोघींनी हात लावून सोडला. तो थोडा गेला, वळला आणि आमच्या पायांशी परत आला. पुन्हा ढकलला. पुन्हा आला. मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. भरती चढत होती.

दोघी जन्माच्या कोळणी, आणि भरतीला नारळ सोडायला आल्या. कोणी बघितलं तर नाही ना म्हणून दोघींनी मागे वळून पाहिलं. भावजी होडीआड तोंड लपवत होते.

ओहोटी लागेपर्यंत वाळूत बसावं लागलं. किती वेळ गप्प बसणार. तिनं विचारलं, होळीपुढं मला काय म्हणणार व्हतीस? मी म्हटलं, वहीत आहे. म्हणाली, वाच. शिमगा अजून संपला न्हाय.

वही पाण्यात उतरण्याआधी वाळूत काढून ठेवली होती. वाचली. सगळी. जीभ अडखळत होती तरी एकही गाळली नाही. केंड माशाला ती हसली, पदर तोंडात घालून. मुंडक्यालाही हसली. नारळाशी आले तेव्हा मी थांबले. तिनं मान हलवली, वाच म्हणून. वाचलं.

पाणी उतरायला लागलं तेव्हा नारळ सोडला. या वेळी गेला. दिसेनासा होईपर्यंत उभ्या होतो. वारा माझ्या उजव्या बाजूला होता.

परत येताना ती म्हणाली, तुझी ती ओहोटीची जमली न्हाय. तिच्या जागी दोन शिव्या सांगितल्या तिनं, चालता चालता, एकामागून एक. अक्षर येत नाही बाईला.

घरी येऊन उतरवून घेतल्या. माझ्या सगळ्यांपेक्षा चांगल्या आहेत. हेच तिचं मला पहिल्यापासून आवडत नाही.